म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि घरचा हलका व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर होता. तो नऊ वर्षांचा असताना एक्स-रेमध्ये त्याच्या दोन्ही खुब्यांची झीज दिसली, आणि पुढची जवळजवळ चार वर्षं आमच्या घरातला दिवस त्याच्या मागच्या पायांवरून ठरायचा. डॉक्टरांनी आणि त्यांच्याकडच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेलं, मी रोज करून पाहिलेलं, काही ठिकाणी चुकून मग सुधारलेलं, असं सगळं इथे आहे. मी पशुवैद्य नाही. पण ज्यांच्या घरी एखादं म्हातारं जनावर फरशीवरून उठायला धडपडतंय, त्यांना उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळावं म्हणून हे लिहिलंय.

सकाळी उठला की लंगडतो, दहा-वीस पावलं चालला की ठीक. वय झालंय म्हणूनच ना?

उठताना जड आणि चालल्यावर मोकळा, ही सांध्याच्या झिजेची नेहमीची खूण आहे. पण लंगडण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यातली काही व्यायामाने बिघडतात. गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला असू शकतो, मणक्यातली चकती सरकलेली असू शकते, बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतलेलं असू शकतं. आपल्याकडे गोचीड तापही फार. त्यात सांधे सुजतात आणि कुत्रा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो. त्याला रक्ततपासणी आणि औषध हवं असतं, व्यायाम नव्हे.

म्हणून आधी डॉक्टर. जाताना मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून न्या, एक बाजूने आणि एक मागून. त्यात उठणं आणि चालणं दोन्ही दिसू द्या. दवाखान्यात शिरल्यावर घाबरून कित्येक कुत्री ताठ चालतात आणि लंगडणं दिसतच नाही. घरी एवढं पाहून ठेवा : पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. दोन्ही खुबे दुखत असतील तर पळताना सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम पडतात.

मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजा उलटा होऊन घासायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा एखादा पाय तो अजिबात टेकवत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. जवळ चांगली सोय नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून चिकित्सालयं आहेत.

दुखतंय तर त्याला पडून राहू द्यायला नको का?

माझी आईही हेच म्हणायची, "बिचाऱ्याला झोपू दे गं." मायेचं वाक्य आहे, पण सांध्याला ते मानवत नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि ते वंगण आत-बाहेर होतं सांध्यावर भार पडला आणि सुटला की. ओला स्पंज दाबून सोडावा तसं. सतत पडून राहिलेल्या कुत्र्याचा सांधा उपाशी राहतो.

दुसरी गोष्ट मांडीच्या स्नायूंची. खुबा झिजला की त्याला धरून ठेवायचं काम स्नायूंवर येतं, आणि न वापरलेला स्नायू काही आठवड्यांत ओसरतो. बंड्याच्या मांड्या एके काळी माझ्या दोन्ही पंजांत मावत नसत. एक्स-रे काढून घरी आल्यावर मी त्या दोन्ही हातांनी चाचपल्या, तर हाताला सरळ हाड लागलं. रोज कुरवाळत होते, पण डोकं आणि पोट. मांडीकडे वर्षभर हात गेलाच नव्हता. तुमच्याकडे म्हातारा कुत्रा असेल तर हे वाचून झाल्यावर दोन्ही मांड्या एकदा चाचपून बघा. एक दुसरीपेक्षा बारीक लागली तर तेही डॉक्टरांना सांगा.

ताजी इजा, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा सुजलेला गरम सांधा असेल, तर मात्र आरामच. तेव्हा डॉक्टर म्हणतील तेवढंच.

सुरुवात कोणत्या व्यायामापासून करावी?

व्यायामापासून नको. फरशीपासून करा.

आपल्या घरांतल्या चकचकीत टाइल्स म्हणजे दुखऱ्या सांध्यांचा शत्रू. बंड्या पाण्याच्या भांड्याशी उभा राहिला की त्याचे मागचे पाय हळूहळू दोन्हीकडे फाकत जायचे आणि मग तो खालीच बसायचा. आम्हाला वाटायचं त्याला बसून पाणी प्यायला आवडतं. प्रत्येक घसरणीत खुब्याला हिसका बसतो, आणि दहा मिनिटं व्यायाम करून कमावलेलं दिवसभराच्या घसरण्यात जातं.

महागडं काही आणू नका. साध्या योगा मॅट उभ्या कापून त्याची पायवाट करा : झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत, तिथून दारापर्यंत. वळणाच्या जागी मॅट नक्की हवी, कारण घसरतात ते वळताना. रबरी पाठीची पायपुसणी चालतात. सुटी सतरंजी नको, ती कुत्र्यासकट सरकते. शहाबादी फरशी खडबडीत असेल तर बरी, झिजून गुळगुळीत झालेली असेल तर तिच्यावरही मॅट टाका.

तळव्यांच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कात्रीने जपून कमी करा, त्यांच्यामुळे पाय मोज्यासारखा सरकतो. नखं चालताना टकटक वाजत असतील तर ती वाढलीत. वाढलेलं नख पंजा मागे रेटतं आणि पूर्ण पायाची ठेवण बिघडते. झोपायला घट्ट, जाड गादी द्या. हाताचं कोपर गादीत दाबून पाहा, खालची फरशी लागली तर ती गादी पातळ आहे.

आमच्याकडे मॅट टाकल्यावर चौथ्या दिवशी भाकरी थापल्याचा आवाज ऐकून बंड्या स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. तोवर एकही व्यायाम सुरू झाला नव्हता.

रोज किती वेळ करायचा आणि कधी?

सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पुढे फार तर दहा. रविवारी तासभर आणि इतर दिवशी काहीच नाही, हा प्रकार सर्वांत वाईट.

थंड अंगाने सुरू करू नका. आधी घरातल्या घरात किंवा गच्चीवर पाच मिनिटं हळू चालवा. जेवणाआधीची वेळ उत्तम, भूक असते आणि खाऊसाठी तो मन लावून काम करतो. भरल्या पोटी नको.

किती झालं ते ठरवायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री झोपून उठल्यावर तो कालच्यापेक्षा जड उठला, तर आदल्या दिवशी जास्त झालं. निम्म्यावर या. तसाच किंवा मोकळा उठला, तर तेवढंच आठवडाभर चालू ठेवा आणि मग एखादी आवृत्ती वाढवा. मी सुरुवातीला दर दोन दिवसांनी वाढवत गेले, कारण तो उत्साहाने करत होता. लॅब्रॅडॉर खाऊसाठी काहीही करतो, दुखत असलं तरी करतो. त्याच्या उत्साहावर विसंबले, आणि पुढचे आठ दिवस त्याला जिना उतरता आला नाही.

झोपलेल्या कुत्र्याचे पाय हलवून द्यायचे म्हणतात, ते नेमकं कसं?

हा व्यायाम सर्वांत सौम्य, आणि सर्वांत जास्त चुकतो तोही हाच. आधी सांधे ओळखा. मागच्या पायाचा जो सांधा उलटा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नाही, ती टाच आहे. गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेला, आणि खुबा त्याहून वर, शेपटीच्या बाजूला.

कुत्र्याला एका कुशीवर झोपू द्या. मानेखाली टॉवेलची घडी. वरचा पाय हवेत तरंगू द्यायचा नाही, तो जमिनीला समांतर राहील असा एका हाताने मांडीखालून आधार द्या. दुसरा हात टाचेजवळ. आता पंजापासून वर या : बोटं, टाच, गुडघा, खुबा. एका वेळी एकच सांधा, हळू मिटायचा, हळू उघडायचा. जिथे थोडा अडथळा लागतो तिथेच थांबायचं, दोन-तीन सेकंद, आणि परत. त्यापुढे रेटायचं नाही. आठ ते दहा वेळा पुरे. शेवटी संपूर्ण पाय चालल्यासारखा सायकलच्या गतीत पाच-सहा वेळा फिरवा.

पुढच्या पायाचंही तसंच, फक्त पाय बाजूला, बाहेर ओढू नका. कुत्र्याचा खांदा आपल्यासारखा चहूकडे फिरत नाही, त्याची मुख्य हालचाल पुढे-मागे आहे.

पहिल्या दिवशी तो पाय काढून घेईल. घेऊ द्या. बंड्याने पहिला आठवडा मला फक्त बोटंच हलवू दिली. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले की तो आपणहून कुशीवर व्हायला लागला.

उभ्याने करायचे व्यायाम कोणते?

मला सर्वांत उपयोगी पडले ते तीन, तिन्ही मॅटवर.

कुत्रा उभा असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागे दुखायला लागलं की तो आणखी पुढे रेलतो, मागचे पाय आळसावतात आणि पुढचे खांदे थकतात. म्हणून पहिला व्यायाम वजन मागे आणण्याचा. जेवायचा जुना लाकडी पाट घ्या, दोन-तीन इंच उंचीचा, त्यावर मॅटचा तुकडा चिकटवा. पुढचे दोन पंजे पाटावर, मागचे खाली. नाकासमोर खाऊ धरून दहा सेकंद उभा राहू द्या. तीन वेळा. खाऊ फार वर धरला तर पाठ वाकते, नाकाच्या रेषेतच धरा.

दुसरा डोलण्याचा. तो चारही पायांवर सरळ उभा असताना कमरेच्या एका बाजूला तळहात ठेवून अगदी हलकं दाबायचं, तो आपणहून उलट रेलतो. तीन-चार सेकंद, मग दुसरी बाजू. धक्का द्यायचा नाही. स्वयंपाकघरात आपण डब्याच्या झाकणावर हात ठेवतो तेवढाच दाब.

तिसरा उठाबशांचा. मांडीसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. दुखरा पाय भिंतीच्या बाजूला येईल असं भिंतीलगत उभं करा, म्हणजे बसताना तो पाय बाहेर फेकता येत नाही. खाऊ दाखवून बसवा, लगेच खाऊ पुढे नेऊन उठवा. उठताना त्याने पुढच्या पायांनी अंग ओढून न घेता मागच्या पायांनी रेटलं पाहिजे. तीन वेळा नीट झालं तरी पुष्कळ. खाली पूर्ण बसणं जड जात असेल तर मागे गोधडीची घट्ट घडी ठेवा आणि तिच्यावर बसू द्या. जसजशी ताकद येईल तसतशी एकेक घडी कमी करा.

मान आणि पाठ आखडली असेल तर?

खाऊच्या मागे नाक न्यायला लावा. उभ्या कुत्र्याला नाक खांद्यापर्यंत, मग बरगड्यांपर्यंत, जमलं तर खुब्यापर्यंत वळवू द्या, दोन्हीकडे. नंतर पुढच्या दोन पायांच्या मधून खाली. प्रत्येक ठिकाणी खाऊ चाटत पाच सेकंद थांबला पाहिजे. पाय न हलवता जेवढं वळेल तेवढंच त्याचं. पीनट बटर वापरत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते डब्यावर वाचा, कुत्र्यांना ते विषारी आहे. मी काकडीचे तुकडे आणि उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे वापरायचे.

जमिनीवर काठ्या ठेवून चालवतात, त्याचा काय उपयोग?

सांधे दुखणारं कुत्रं पाय घासत चालतं. मागच्या पंजाची मधली नखं वरून झिजलेली दिसली तर समजा घासतंय. काठी ओलांडायची म्हटलं की प्रत्येक पाय उचलावा लागतो, कुठे टाकायचा ते बघावं लागतं.

झाडूचे दांडे किंवा प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे चार-पाच घ्या आणि जमिनीवर आडवे टाका. दोन काठ्यांमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं. पट्टा धरून अगदी हळू, उडी मारू न देता. पाइप गोल असतात, पाय लागला की गडगडतात, म्हणून खालून टॉवेलची गुंडाळी लावा. काठ्यांची उंची वाढवण्याची घाई करू नका. बंड्यासाठी त्या कायम जमिनीवरच राहिल्या आणि तेवढ्याने काम भागलं. ज्या कुत्र्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांच्याकडून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रकार करून घेऊ नये.

जागा कमी असेल तर दोन कुंड्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चालवा, किंवा सोफा आणि भिंत यांच्या फटीतून चार पावलं उलटं. वन बीएचकेतही जमतं.

त्याला दुखतंय हे कळणार कसं? तो तर कधी ओरडत नाही.

ओरडतच नाहीत. व्यायाम करताना चेहऱ्याकडे बघा : ओठ चाटणं, जांभई, कान मागे जाणं, तोंड फिरवणं, गारव्यातही धापा. तुम्ही ज्या सांध्याला हात लावलाय तिकडे झटकन मान वळवली तर तिथेच थांबा. उठून निघून जाणं हेही उत्तरच आहे, त्याला परत ओढून आणू नका.

एरवीच्या खुणा आणखी हळू येतात. दारावरची बेल वाजली की आधी भुंकतो आणि मग उठतो. एक पाय बाजूला टाकून बसतो. मनगट किंवा गुडघा चाटत राहतो. मुलं जवळ आली की गुरगुरतो, आणि घरचे म्हणतात स्वभाव बदलला.

फिरायला किती न्यायचं?

एकदा लांब नेण्यापेक्षा तीनदा थोडं. १० ते १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या बहुतेकांना मानवतात. वेग त्याचा. हळू चालताना चारही पायांवर वजन येतं. तुरूतुरू पळताना दुखरा पाय उचलून धरायची सोय असते.

बिल्डिंगच्या पार्किंगचा उतार मिळाला तर सोन्याहून पिवळं. चढताना वजन मागे येतं, म्हणून हळू चढणं मागच्या पायांना चांगलं. उतरताना भार पुढे येतो, तेव्हा नागमोडी उतरा. समुद्रकाठी गेलात तर ओल्या घट्ट वाळूवर चालवा, कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि सांध्यांना दुप्पट कष्ट. बॉल फेकणं बंद करा. झेप, ब्रेक आणि गिरकी, तिन्ही एकदम होतं त्यात. मार्च ते मे सकाळी लवकर जा, रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही तर त्याच्या पंजांनाही चटका बसतो.

गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बरा.

पावसाळ्यात बाहेर जाताच येत नाही. मग?

जुलैत दोन आठवडे घरात बसलेला कुत्रा ऑगस्टमध्ये जास्त लंगडतो, हे मी दर वर्षी पाहिलं. अशा दिवसांत पॅसेजमध्ये मॅटवर काठ्या, कुंड्यांभोवतीचा आठ आणि खाऊ लपवून शोधायला लावणं. रोजच्या जेवणातला मूठभर कोरडा खाऊ चार खोल्यांच्या कोपऱ्यांत टाकला की तो वीस मिनिटं वास घेत हळूहळू चालतो. बाहेरून आला की पंजे पुसा, ओला पंजा टाइल्सवर हमखास सरकतो. साचलेल्या पाण्यातून चालवू नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) भीती असते. लस वेळेवर आहे ना ते बघा.

शेक आणि मालिश चालेल का? कोणतं तेल लावू?

शेक चालेल, व्यायामाआधी दहा मिनिटं. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, किंवा तव्यावर गरम केलेल्या तांदळाची पुरचुंडी. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक मिनिट धरा. सांधा सुजून गरम लागत असेल तर गरम शेक नको.

तेलाबद्दल माझं म्हणणं ठाम आहे, लावू नका. कुत्रा ते चाटतो, आणि त्याच पायांनी फरशीवर घसरतो. वेदनाशामक बाम तर हातात घेऊन त्याच्याजवळही जाऊ नका. त्यातला कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट कुत्र्यांना विषारी आहे. मालिश कोरड्या हाताने करा : मानेपासून शेपटीपर्यंत सपाट तळव्याने लांब हात, मग मांडीचा जाड स्नायू अंगठा आणि बोटांत हलकेच मळायचा. सांध्यावर, हाडावर दाब द्यायचा नाही.

घरात आमच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत. अर्धी दिली तर?

नाही. चतकोरही नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलही मनाने द्यायचं नाही. डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर तर भारतात २००६ मध्येच बंदी आली, गुरांच्या मृतदेहांतून ते औषध गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडंच संपत चालली होती म्हणून. गोळी खाल्ली गेलीच असेल तर पाकीट घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात, मात्रा वजनावर ठरते, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. डॉक्टरांनी ती दिली असतील तर घाबरून बंद करू नका. दुखणं आटोक्यात असेल तरच कुत्रा व्यायाम करतो.

वजनाचा एवढा बाऊ का करतात?

कारण याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधे दुखायलाही उशिरा लागले.

बरगड्यांवर हात फिरवा. आपल्या हाताची मूठ वळून बोटांच्या पेरांवर हात फिरवल्यावर जितकं टोचतं तितक्या बरगड्या टोचत असतील तर कुत्रा बारीक आहे. मूठ सोडून हात सपाट करा आणि त्याच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. आपल्या घरांत वजन वाढतं ते आजोबांच्या बिस्किटाने, मावशींच्या पोळीच्या कडेने आणि प्रत्येकाच्या "एवढ्याशाने काय होतंय"ने. आम्ही सकाळीच दिवसभराचा खाऊ एका वाटीत काढून ठेवायचो. ज्याला द्यायचाय त्याने त्यातूनच द्यायचा, वाटी संपली की संपलं. व्यायामाचा खाऊही त्याच वाटीतून. बंड्याचं वजन ३९ वरून ३३ किलोवर यायला आठ महिने लागले.

सांध्यांसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, माशाचं तेल?

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला त्यातल्या त्यात बरा आधार आहे. ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी मॅट घ्या.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसरा मजला.

हार्नेस घाला आणि जुन्या सुती साडीची लांब घडी करून त्याच्या पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घ्या. दोन्ही टोकं वर तुमच्या हातात. उचलायचं नाही, फक्त तोल गेला तर झेलायचं. नर असेल तर घडी लघवीच्या जागेवर दाबत नाही ना ते बघा. प्रत्येक लँडिंगवर थांबा. दिवसातल्या फेऱ्या कमीत कमी ठेवा आणि बाकीचा व्यायाम घरात करा. उचलायचाच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ सरळ. काखेत धरून पुढून उचलू नका, सगळं अंग दुखऱ्या कमरेवर लोंबतं.

पोहायला नेलं तर चांगलं ना?

पाण्यात सांध्यांवरचा भार कमी होतो, म्हणून चांगलं. पण बरीच कुत्री पोहताना पुढच्या पायांवर जोर देतात आणि मागचे नुसते सोडतात. पाण्यातल्या ट्रेडमिलवर मागचे पायही काम करतात, तुमच्या शहरात ती सोय असेल तर विचारा. खाण, विहीर, धरणाचा काठ नको. पहिल्या वेळी लाइफ जॅकेट घालून तीन-चार मिनिटंच.

पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड यांनाही हेच व्यायाम?

पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास जास्त. चालता चालता दोन पावलं पाय उचलून धरतो आणि पुन्हा ठीक, हे त्याचं लक्षण. उठाबशा आणि पाट त्यांना चालतात, सोफ्यावरून उड्या बंद. डॅशहुंडची गोष्ट मणक्याची आहे. त्याला खाऊसाठी मागच्या दोन पायांवर उभं करू नका, जिने नकोत, आणि पाठ वाकवणारा कोणताही ताण डॉक्टरांना विचारूनच.

लॅबचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. आत्तापासून व्यायाम करून घेऊ?

नको. मोठ्या जातींची हाडं वाढणारी टोकं बंद व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. त्याला मातीत, गवतात मनासारखं खेळू द्या, थकला की झोपू द्या. सायकलमागे पळवणं, जिने, उड्या नकोत. आणि गुबगुबीत करू नका.

अपघातात एक पाय गेलेला देशी कुत्रा आम्ही सांभाळतो. त्याचं काय?

देशी कुत्री तीन पायांवर इतक्या लवकर सावरतात की एक पाय नाही हे आपण विसरून जातो. पण उरलेल्या पायांवर आयुष्यभर जास्त भार असतो, विशेषतः पुढचा पाय गेला असेल तर उरलेल्या खांद्यावर. त्याला बारीक ठेवा, फिरणं छोटं आणि जास्त वेळा, उरलेल्या पायाची आणि मानेची रोज मालिश. मान वळवण्याचा व्यायाम त्याला फार मानवतो. पाटावर चढवताना जवळ हात ठेवा.

फरक कधी दिसेल?

स्नायू भरायला दीड-दोन महिने लागतात. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, म्हणून शिंप्याची टेप घ्या आणि दर पंधरा दिवसांनी मांडीचा घेर मोजा, दर वेळी त्याच जागी, त्याच हाताने, कुत्रा उभा असताना. कॅलेंडरवर लिहा. आमच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी बंड्याचे आकडे असायचे : ३१, ३१, ३१.५, ३२. त्या अर्ध्या सेंटिमीटरने मला जेवढा आनंद दिला तेवढा फार कमी गोष्टींनी दिलाय.

आता तो स्वतः उठतच नाही. तरी काही करायचं का?

हो, पण हेतू बदलतो. आता ताकद वाढवायची नसते, आखडू द्यायचं नसतं. दर तीन-चार तासांनी कूस बदला, पोटावर घेऊन, पाठीवरून उलटवून नाही. कोपर, खुबा, टाच इथली कातडी रोज बघा. लाल दिसली किंवा केस गेले तर गादी पुरत नाही. दिवसातून तीनदा पाय हलवून द्या, वर सांगितल्याप्रमाणे, आणखी हळू. जेवताना छातीवर, दोन्हीकडे उशांचा टेकू देऊन बसवा. जमलं तर साडीच्या घडीने मिनिटभर उभं धरा, पंजे सपाट टेकलेले, म्हणजे पायाखाली जमीन लागते. लघवीला दर काही तासांनी बाहेर न्या. ओल्यात पडून राहिलं की कातडी फार लवकर सोलते.

आणि डॉक्टरांना दर आठवड्याला फोन करा. तो जेवतो का, तुम्हाला पाहून शेपूट हलते का, रात्री झोपतो का, हे तीन प्रश्न आमचे डॉक्टर दर वेळी विचारायचे. मी उत्तरं कॅलेंडरवरच लिहीत गेले, मांडीच्या आकड्यांखाली.